एकाच भुलीत दोन शस्त्रक्रिया? टमी टकसोबत दुसरे ऑपरेशन करून घेण्याआधी

दुसऱ्या सिझरनंतर माझ्या बेंबीजवळ हर्निया झाला होता आणि पोटाचे स्नायू मधोमध फाकले होते, हे कळायला मला अकरा वर्षे लागली. तोवर मी त्याला सुटलेले पोटच समजत होते. चव्वेचाळिसाव्या वर्षी हर्नियासाठी म्हणून नागपुरातल्या एका रुग्णालयात गेले, तेव्हा पहिल्याच भेटीत तीन प्रस्ताव समोर आले. हर्निया शिवायचाच आहे, तर वरची लोंबती त्वचाही काढू. पोटावर छेद घेणारच आहोत, तर फायब्रॉइड (कर्करोगाची नसलेली गाठ) असलेली गर्भपिशवीही काढू. भूल देणारच आहोत, तर कमरेची चरबीही ओढून घेऊ. सगळे ‘एकाच भुलीत’ उरकेल, असे सांगताना समोरच्यांचा सूर इतका सहज होता की नाही म्हणणारीच वेडी ठरावी.

मी अखेर हर्नियाची दुरुस्ती आणि टमी टक, म्हणजे पोटाची लोंबती त्वचा काढून स्नायू आवळण्याची शस्त्रक्रिया, एकत्र करून घेतले. चरबी ओढून घेतली नाही आणि गर्भपिशवी अजून जागेवर आहे. या निर्णयापर्यंत पोहोचायला चार महिने, पाच डॉक्टर आणि बरीच धावपळ लागली. धंतोली, रामदासपेठेतल्या प्रतीक्षागृहांत माझ्यासारख्याच गोंधळलेल्या बायका भेटल्या. कुणी भंडाऱ्याहून, कुणी वर्ध्याहून, तर कुणी थेट छिंदवाड्याहून आलेल्या. त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी डॉक्टर नाही. कोणती शस्त्रक्रिया करावी हे मी सांगू शकत नाही, मात्र निर्णय घेण्यापूर्वी काय विचारावे, काय तपासावे आणि कुठे फसगत होते, ते क्रमाने सांगू शकते.

१. ‘ही एकटीच असती, तर आज केली असती का?’ हा प्रश्न प्रत्येक शस्त्रक्रियेला विचारा

सुचवलेल्या सगळ्या शस्त्रक्रिया एका कागदावर वेगवेगळ्या ओळींत लिहा आणि प्रत्येकीपुढे हा प्रश्न मांडा. जोडीची खरी गंमत अशी आहे की एकटीने न पटणारी शस्त्रक्रिया जोडीने लगेच पटते. माझ्या फायब्रॉइडविषयी स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी वर्षभरापूर्वीच सांगितले होते की तो लहान आहे, रक्तस्राव गोळ्यांनी आटोक्यात येतो आणि पिशवी काढण्याची घाई नाही. फायब्रॉइड वाढला नव्हता, त्रासही वाढला नव्हता. फक्त टमी टकचा विषय निघाला आणि तीच पिशवी ‘काढूनच टाकू’ या यादीत जाऊन बसली. पिशवी काढण्याचे कारण माझ्या शरीरात नव्हते, ते शस्त्रक्रियागृहाच्या वेळापत्रकात होते, हे मला उशिरा उमगले.

याच पायरीवर दोन गोष्टींतला फरक नीट समजून घ्यावा. हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीला पडलेले भोक. त्यात आतडे अडकू शकते, म्हणून तो आजार आहे. बाळंतपणानंतर स्नायू मधोमध फाकतात, त्याला डॉक्टर ‘डायस्टॅसिस’ म्हणतात. त्यात भोक नसते, मधला पडदा फक्त ताणून पातळ झालेला असतो आणि आतडे अडकण्याची भीती नसते. दोन्हींत पोट पुढे येते, पण एकीत शस्त्रक्रिया गरजेची ठरू शकते आणि दुसरीत ती बहुधा ऐच्छिक असते. सोनोग्राफीच्या अहवालात नेमके काय लिहिले आहे ते वाचा, कारण पुढे विम्याचे सगळे गणितही याच शब्दांवर फिरते.

२. जोडीचा धोका कुठून येतो, ते समजून घ्या

टमी टकमध्ये ओटीपोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेतात, त्वचा आणि चरबीचा थर बरगड्यांपर्यंत उचलतात, फाकलेले स्नायू टाके घालून जवळ आणतात, उरलेली त्वचा कापून टाकतात आणि बेंबीला नव्या जागी बाहेर काढतात. ही एकटीच मोठी शस्त्रक्रिया आहे. तिच्यात आणखी भर घातली की चार बाजूंनी धोका वाढतो.

पहिली आणि सर्वांत गंभीर बाजू म्हणजे पायातल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होणे आणि ती सुटून फुप्फुसात जाणे. सौंदर्यशस्त्रक्रियांमध्ये टमी टक ही या बाबतीत सर्वांत जोखमीच्या शस्त्रक्रियांपैकी मानली जाते आणि त्याला कारणे आहेत. स्नायू आवळल्यावर पोटातला दाब वाढतो, त्यामुळे पायांकडून हृदयाकडे परतणारे रक्त मंदावते. टाक्यांवर ताण नको म्हणून रुग्णाला गुडघे आणि कंबर वाकवून ठेवतात. दुखते म्हणून रुग्ण चालत नाही. त्यात पोटाच्या आतली दुसरी शस्त्रक्रिया जोडली की भुलीची वेळ वाढते आणि नंतरचे अंथरुणावरचे दिवसही वाढतात.

ही भीती पुस्तकी नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात डॉक्टरांच्या खासगी दवाखान्यांत टमी टक आणि लायपोसक्शन (चरबी ओढून काढणे) एकत्र केल्यानंतर रुग्ण दगावल्याचे प्रकार पुढे आले, तेव्हा २००४ साली तिथल्या वैद्यकीय मंडळाने दवाखान्यांत ही जोडी करण्यावर ९० दिवसांची बंदी घातली होती. पुढे परवानगी देताना सोबत किती चरबी काढायची, यावर मर्यादा आली.

दुसरी बाजू जंतुसंसर्गाची. शल्यचिकित्सक जखमांची वर्गवारी करतात. टमी टकची जखम ‘स्वच्छ’ वर्गात येते, कारण त्यात आतडे, पित्ताशय किंवा योनिमार्ग उघडला जात नाही. गर्भपिशवी काढताना योनिमार्ग उघडतो आणि पित्ताशय काढताना त्याची नळी कापावी लागते, त्यामुळे जखम एक पायरी खाली उतरते. त्यातच हर्नियासाठी जाळी बसवायची असेल, तर जंतू जाळीला चिकटून बसण्याची शक्यता लक्षात घ्यावी लागते, आणि चिकटलेले जंतू कधी कधी जाळी काढल्याशिवाय जात नाहीत.

तिसरी बाजू त्वचेच्या रक्तपुरवठ्याची. उचललेला थर मुख्यतः दोन्ही बगलांकडून येणाऱ्या रक्तवाहिन्यांवर जगतो. त्याच थरातून मधोमध चरबी ओढली, किंवा पूर्वी पित्ताशयासाठी उजव्या बरगडीखाली आडवा मोठा छेद घेतलेला असला, तर बेंबीखालच्या कडेपर्यंत रक्त पोहोचत नाही आणि कातडी काळी पडून मरते. तुमच्या पोटावर असा जुना व्रण असेल, तर तो पहिल्याच भेटीत दाखवा. सिझरचा आडवा व्रण मात्र बहुधा काढल्या जाणाऱ्या त्वचेतच निघून जातो, त्याची एवढी चिंता नसते. बेंबीचीही एक अडचण आहे: टमी टकमध्ये तिला भोवतालच्या त्वचेपासून सोडवून फक्त देठावर ठेवतात, आणि बेंबीचा हर्निया शिवताना तोच देठ आणखी दुखावला जाऊ शकतो. ‘बेंबी वाचेल का?’ हा मी विचारलेला प्रश्न ऐकून एक डॉक्टर हसले, दुसऱ्यांनी वीस मिनिटे चित्र काढून समजावले. मी दुसऱ्यांकडे शस्त्रक्रिया करून घेतली.

चौथी बाजू रक्तस्राव आणि थंडाव्याची. लांबलेल्या शस्त्रक्रियेत शरीराचे तापमान उतरते, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि आधीच हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईला रक्त चढवण्याची वेळ येते.

दुसऱ्या बाजूचेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. एकदाच भूल, एकदाच रजा, घरच्यांची एकदाच धावपळ, रुग्णालयाच्या खोलीचे एकदाच भाडे, हे फायदे खरे आहेत. दोनदा भूल घेण्यातही जोखीम असते. बाळंतपणाशी निगडित तक्रारी एकत्र हाताळण्याची कल्पनाही नवी नाही. पोटावरची लोंबती त्वचा काढण्याच्या शस्त्रक्रियेचे सुरुवातीचे एक वर्णन १८९९ साली हॉवर्ड केली या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञानेच केले होते. त्यामुळे एकत्र करणे सरसकट वाईट नाही. कोणासोबत काय जोडायचे, एवढाच प्रश्न आहे.

३. कोणती जोडी चालते आणि कोणती टाळायची

स्नायू आवळणे हा टमी टकचाच भाग असतो, त्यामुळे ती वेगळी जोड धरू नये. कुणी त्याला ‘जास्तीचे ऑपरेशन’ म्हणून वेगळे पैसे लावत असेल, तर कारण विचारा. बेंबीचा किंवा मधल्या रेषेतला लहान हर्निया सोबत शिवणे ही सर्वाधिक केली जाणारी आणि समजण्यासारखी जोडी आहे, कारण त्वचा उचलली की भोक समोरच दिसते आणि वेळ फारसा वाढत नाही. कमरेच्या बाजूंवरची थोडी चरबी काढणेही अनेक प्लास्टिक सर्जन करतात. मात्र प्रमाण मर्यादित असावे. एकूण पाच लिटरपेक्षा जास्त द्राव ओढला गेला, तर ते मोठे लायपोसक्शन धरतात आणि ते तर एकटे असतानाही रुग्णालयातच, रात्रभर देखरेखीखाली करायचे असते.

गर्भपिशवी काढण्याची जोडी मधल्या गटात येते. पिशवी काढण्याचे स्वतंत्र, ठोस कारण असेल, वजन आटोक्यात असेल, हिमोग्लोबिन चांगले असेल आणि दोन्ही शाखांचे अनुभवी डॉक्टर एकाच वेळी हजर असतील, तर ती केली जाते. यांपैकी एखादी अट सुटत असेल, तर मी दोन टप्प्यांचाच आग्रह धरेन.

टाळायच्या जोड्या या:

- सिझरसोबत टमी टक. नागपुरात हा प्रश्न प्रत्येक बाळंतिणीच्या तोंडी असतो. त्या वेळी गर्भाशय अजून मोठे असते, त्वचा आणि स्नायू ताणलेले व सुजलेले असतात, त्यामुळे किती काढायचे याचा अंदाजच येत नाही. त्यातच बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत गुठळ्या होण्याचा धोका एरवीपेक्षा बराच जास्त असतो. शिवाय बाळाला उचलून पाजायचे कुणी?
- वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसोबत टमी टक. वजन उतरून निदान काही महिने स्थिर राहिल्यानंतरच त्वचा काढतात. त्याला बहुधा वर्ष-दीड वर्ष लागते.
- सुजलेले पित्ताशय, गळू, त्वचेचा संसर्ग असे काहीही शरीरात असताना केलेली ऐच्छिक शस्त्रक्रिया.
- पोट, स्तन, दंड, मांड्या अशी एकाच दिवशी केलेली सगळी ‘पॅकेजे’. एकूण वेळ सहा तासांच्या पुढे जाण्याची शक्यता असेल, तर टप्पे करा, असे मला दोन वेगवेगळ्या भूलतज्ज्ञांनी सांगितले.

पुढे मूल हवे असेल, तर टमी टकच पुढे ढकला. गरोदरपणात आवळलेले स्नायू पुन्हा ताणले जातात.

४. डॉक्टर आणि रुग्णालय पारखून घ्या

प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी बघा. ‘कॉस्मेटिक’, ‘एस्थेटिक’, ‘लेझर’ या शब्दांनी सजलेल्या पाटीवरून पदवी कळत नाही. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. रुग्णालयाची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली झालेली असते आणि ते प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असायला हवे. ते दिसले नाही, तर मागा.

जोडीच्या शस्त्रक्रियेत एक सापळा आहे. दोन कामे असतील, तर दोन डॉक्टर कोण, कोण आधी, कोण नंतर, आणि दुसरे वेळेवर आले नाहीत तर काय, हे आधी लिहून घ्या. माझ्या ओळखीच्या एका काकूंच्या बाबतीत दुसऱ्या डॉक्टरांना दुसरीकडे तातडीची केस लागली आणि काकू भुलीखाली पाऊण तास नुसत्या पडून होत्या. त्या सुखरूप आहेत. पण तो पाऊण तास कुणाच्याच बिलात आणि कुणाच्याच नोंदीत दिसत नाही.

रुग्णालयाविषयी मी हे प्रश्न विचारले आणि उत्तरे वहीत लिहिली: अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का? रात्री भूलतज्ज्ञ किंवा निवासी डॉक्टर असतात का? रक्तपेढी किती अंतरावर आहे? शस्त्रक्रियेदरम्यान पायांना आळीपाळीने दाब देणारे यंत्र आहे का? शेवटच्या प्रश्नाला ‘त्याची गरज नसते’ असे उत्तर मिळाले, त्या ठिकाणी मी परत गेले नाही.

हर्नियाविषयी दुसरे मत हवे असेल, तर मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या सर्जरी विभागाच्या ओपीडीत जा. रांग लागते, सकाळ जाते, पण तिथल्या डॉक्टरांना तुमच्या टमी टकमध्ये काही रस नसतो, आणि त्या मताचे मोल नेमके त्यातच आहे.

५. तपासण्या आणि कागदपत्रे

आपल्या भागात एक तपासणी विसरून चालत नाही, ती म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. विदर्भात या आजाराचे आणि त्याच्या वाहकांचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि अनेकांना आपण वाहक आहोत हे माहीतच नसते. भुलीखाली प्राणवायू कमी पडणे, शरीर थंड पडणे आणि पाणी कमी होणे हे सिकलसेलच्या रुग्णाला घातक ठरू शकते. प्राथमिक चाचणी साधी आहे आणि शासकीय रुग्णालयांत होते. ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्तचाचण्या करून घेतात. बाहेरगावाहून येणाऱ्या सर्जनला हे सुचेलच असे नाही, म्हणून तुम्हीच आठवण करा.

सोबत ठेवायच्या गोष्टी:

- रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी, मूत्रपिंड व यकृताच्या चाचण्या, रक्त गोठण्याच्या चाचण्या
- ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि वयानुसार २डी इको
- पोटाची सोनोग्राफी. हर्निया मोठा असेल तर सीटी स्कॅन
- आधीच्या सिझरची आणि इतर शस्त्रक्रियांची डिस्चार्ज कार्डे
- चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, आयुर्वेदिक काढे आणि वजनाच्या गोळ्यांसह
- आई, वडील, भावंडे यांच्यापैकी कुणाला पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का, याची माहिती
- आधार, पॅन, विम्याचे कार्ड आणि पॉलिसीची पूर्ण प्रत

यादीतली शेवटून दुसरी ओळ सर्वांत कमी लोक भरतात. डॉक्टर गुठळीचा धोका मोजण्यासाठी ‘कॅप्रिनी’ नावाची गुणपद्धत वापरतात. वय ४१ ते ६० असेल तर एक गुण, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ च्या वर असेल तर एक, पाऊण तासाहून लांबलेल्या मोठ्या शस्त्रक्रियेचे दोन, संततिप्रतिबंधक किंवा संप्रेरकांच्या गोळ्या चालू असतील तर एक. स्वतःला पूर्वी गुठळी झाली असेल तर तीन आणि रक्ताच्या नात्यात कुणाला झाली असेल तरी तीन. पाच किंवा अधिक गुण म्हणजे जास्त धोका. माझे वय, वजन, शस्त्रक्रिया आणि पाळीसाठी चालू असलेल्या गोळ्या मिळून बरोबर पाच झाले होते. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर बंद केल्या आणि एक गुण उतरला. तुमच्या डॉक्टरांना तुमचे गुण विचारा. ते सांगू शकले नाहीत, तर तेही एक उत्तरच आहे.

६. आधीचे चार आठवडे

तंबाखू बंद. इथे मला नागपूरकरांशी स्पष्ट बोलायचे आहे: खर्राही तंबाखूच आहे. ‘सिगारेट ओढता का?’ असे विचारल्यावर आपल्याकडची मंडळी निर्धास्तपणे ‘नाही’ म्हणतात आणि खिशात खर्ऱ्याची पुडी असते. निकोटीन धुरातून जावो वा गालातून, ते त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतेच, आणि टमी टकची उचललेली त्वचा तर त्याच वाहिन्यांवर जगते. दात घासायची तपकीर, गुडाखू, मिश्री हेही त्यातच आले. निदान चार आठवडे आधी बंद करा आणि जखम भरेपर्यंत सुरू करू नका. बंद करणे जमले नसेल, तर लपवू नका. शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते.

गणपती-महालक्ष्म्यांसाठी किंवा लग्नासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या अनेक घरांत औषधाच्या दुकानातून सरळ आणल्या जातात. त्याही संप्रेरकांच्याच असतात. शस्त्रक्रियेच्या आसपास घेतल्या असतील, तर भूलतज्ज्ञांना सांगा. ऍस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका; हृदयरोगतज्ज्ञांना विचारून दिवस ठरवा. हिमोग्लोबिन कमी असेल तर हे चार आठवडे लोह भरून काढण्यासाठी वापरा. माझे दहाच्याही खाली होते, म्हणून तारीख दोन महिने पुढे गेली, आणि त्या दोन महिन्यांबद्दल मला आज कसलाही खेद नाही.

७. विमा आणि बिल

आरोग्य विम्याच्या पॉलिसीत सौंदर्यशस्त्रक्रिया हा विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांपैकी एक आहे. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना यांसारख्या परिस्थिती सोडल्या, तर टमी टकचा खर्च मिळत नाही. हर्निया आणि गर्भपिशवीची शस्त्रक्रिया मिळते, मात्र या दोन्हींना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ असतो. एकत्र शस्त्रक्रिया असेल तर रुग्णालयाकडून दोन वेगळी अंदाजपत्रके लेखी घ्या: सर्जनचे शुल्क, भूल, शस्त्रक्रियागृहाची वेळ आणि खोलीचे दिवस कोणत्या कामाचे किती, हे वेगळे करून. टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेला, पूर्वमंजुरीच्या अर्जातच दोन्ही कामे कळवा. आजारावरील उपचारांना जीएसटीतून सूट आहे, सौंदर्यशस्त्रक्रियेला नाही, त्यामुळे त्या भागावर कर लागेल हेही धरून चाला.

‘सगळे हर्नियाच्या नावावर दाखवून देतो’ असे मलाही एका ठिकाणी सुचवले गेले. मोह झाला, हे कबूल करते. पण असा खोटा दावा उघडा पडला तर दावा फेटाळला जातो, पॉलिसी रद्द होऊ शकते, आणि त्याहून वाईट म्हणजे तुमच्या वैद्यकीय नोंदीत टमी टक झाल्याचा उल्लेखच राहत नाही. दहा दिवसांनी मध्यरात्री धाप लागली, तर दुसऱ्या रुग्णालयातला डॉक्टर त्या नोंदीवर विसंबून काय समजणार?

८. संमतिपत्र

प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी वेगळे संमतिपत्र, तुम्हाला समजणाऱ्या भाषेत, आदल्या दिवशी वाचायला मागा. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे की एका कामासाठी दिलेली संमती दुसऱ्या कामाला लागू होत नाही. जीव वाचवण्यासाठी तातडीने गरज नसेल, तर भुलीखाली असलेल्या रुग्णाच्या शरीरातून आणखी काही काढता येत नाही, आणि शुद्धीवर येऊ शकणाऱ्या सज्ञान रुग्णाच्या वतीने नातेवाइकाने दिलेली संमतीही पुरत नाही. ते प्रकरण गर्भपिशवी काढण्याचेच होते. मी संमतिपत्रावर स्वतःच्या हाताने लिहिले: ‘गर्भाशय किंवा बीजांडकोश काढण्यास माझी संमती नाही.’ यजमानांनाही तेच बजावून ठेवले, कारण आत गेल्यावर बाहेर बसलेल्या माणसाला घाबरवून सही घेणे सोपे असते.

त्याच कागदावर आणखी एक वाक्य घालून घ्या: पहिल्या कामात अपेक्षेपेक्षा जास्त रक्तस्राव झाला किंवा वेळ लांबला, तर ऐच्छिक काम रद्द करावे. चांगला सर्जन यावर नाराज होत नाही. माझे सर म्हणाले, ‘हे तुम्ही लिहिले नसते, तरी मी केले असते; पण लिहिले ते बरे झाले.’

९. तारीख निवडताना

पोटपट्टा साधारण सहा आठवडे, जवळजवळ दिवसभर बांधावा लागतो. एप्रिल-मे टाळा. मेअखेरच्या नवतपात पारा ४५ च्या आसपास असताना तो पट्टा, खाली घामाने ओले झालेले ड्रेसिंग आणि वर कूलरची दमट हवा, या तिन्हींची कल्पना करून बघा. उन्हाळ्यात शरीरातले पाणी कमी होते आणि ते गुठळीलाही आमंत्रण असते. मी नोव्हेंबर निवडला.

बाहेरगावच्यांनी नागपुरात किमान आठवडाभर राहण्याची सोय करावी. उलट दिशेचा सापळाही आहे: स्वस्त पॅकेजसाठी मुंबईला जाऊन चौथ्या दिवशी समृद्धी महामार्गाने गाडीतून परत येणारे लोक मला भेटले. ७०१ किलोमीटर पाय मुडपून बसणे ही ताज्या टमी टकसाठी वाईट कल्पना आहे. आणि टाके उसवले तर मुंबईचा सर्जन इथे येणार नाही.

१०. शस्त्रक्रियेनंतर

त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, कमरेत वाकून का होईना, चालायला लावतात. चाला. ‘बाई, पडून राहा, टाके कच्चे आहेत,’ असे सांगणाऱ्या प्रेमळ नातेवाइकांना डॉक्टरांसमोर उभे करा. गुठळी रोखण्याची इंजेक्शने लिहून दिली असतील, तर ती घरी गेल्यावर किती दिवस घ्यायची, हे डिस्चार्ज कार्डावर तारखेसह लिहून घ्या; माझ्या कार्डावर ते लिहायचे राहून गेले होते आणि मी विचारले म्हणून कळले. पोटातून आलेल्या नळीतला द्राव रोज मोजून वहीत लिहा. तो चोवीस तासांत साधारण तीस मिलिलिटरच्या खाली उतरला, की नळी काढतात. सहा आठवडे भरलेली बादली, गॅसचे सिलिंडर, लहान मूल यांपैकी काहीही उचलू नये. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका, कारण जोर केला की आवळलेले स्नायू ताणतात, आणि हर्निया शिवलेला असेल तर तोही.

ताप, जखमेतून दुर्गंधीयुक्त स्राव, नळी काढल्यावर पोटात पाणी हलल्यासारखे वाटणे, त्वचेची कड काळी पडणे, अशा तक्रारी असतील तर त्याच दिवशी सर्जनला फोन करा. एका पायाची पोटरी दुखणे किंवा सुजणे, अचानक धाप लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे, चक्कर येऊन पडणे, यांपैकी काहीही झाले तर फोनवर सल्ला घेत बसू नका, गॅसवर काढा उकळू नका. ही लक्षणे घरी गेल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनीही येऊ शकतात, तेव्हा सगळ्यांना वाटते की आता धोका टळला. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जा, आणि तिथे पोहोचल्यावर सोबतच्या माणसाने पहिले वाक्य हेच बोलावे: ‘यांची अमुक दिवसांपूर्वी पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यात हे आणि हे केले होते.’ ते वाक्य तारखेसह आणि दोन्ही शस्त्रक्रियांच्या नावांसह कागदावर लिहून मी फ्रिजच्या दारावर चिकटवले होते, आणि दीड महिना तो कागद तिथेच ठेवला.